कॅमेरा भिंतीवर आहे, पण चालू आहे का?

 

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, "हे तर पोरांचं काम, आम्हाला काय करायचंय?" विषय आहे घराच्या, दुकानाच्या, गटाच्या केंद्राच्या कॅमेऱ्याला होणारा वीजपुरवठा आणि त्याच्या वायरी. पण विचार करा. भातलावणीला सगळं घर शेतावर जातं, घराला कुलूप असतं. म्हशाच्या जत्रेला जातो, तेव्हाही कुलूप. मुलगा डोंबिवलीला नोकरीला असतो, गावात म्हातारी आई एकटी, म्हणून तो ओटीवर कॅमेरा लावून देतो. पिठाची गिरणी, किराणा दुकान, कोंबड्यांची शेड, पापडाचं केंद्र, सगळीकडे आता कॅमेरे आले आहेत. ते लावायला पैसे आपणच मोजले. मग बंद पडला की चार-चार आठवडे मुलाची किंवा मेकॅनिकची वाट का बघायची?

आम्ही गटांच्या बैठकांसाठी गावोगाव फिरतो. कॅमेरा दिसला की विचारतो, "ताई, चालू आहे का हो?" बऱ्याच वेळा उत्तर येतं, "असेल की, लावलाय ना." मैत्रिणींनो, लावलेला कॅमेरा आणि चालू असलेला कॅमेरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवर बंद कॅमेरा असण्यापेक्षा कॅमेरा नसलेला बरा. कॅमेरा नसेल तर आपण सावध तरी राहतो.

ही गोष्ट किती मोठी होऊ शकते, ते आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले. तपास सुरू झाल्यावर शाळेच्या कॅमेऱ्यांचं पंधरा दिवसांचं चित्रीकरणच मिळत नाही, असं तेव्हाचे शालेय शिक्षण मंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं. ते का मिळालं नाही, हा तपास यंत्रणेचा भाग झाला. पण त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासनाने शाळांसाठी जो निर्णय काढला, त्यात कॅमेरे बसवा एवढंच म्हटलं नाही. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रीकरण तपासावं, असंही सांगितलं. म्हणजे तपासणं हे बसवण्याइतकंच महत्त्वाचं. जे शाळेला लागू, तेच आपल्या घराला आणि गटाच्या केंद्राला.

आता मुद्द्यावर येऊ. कॅमेरा बंद पडला की आपण म्हणतो, "कॅमेरा बिघडला." पण आम्ही जेवढे बंद कॅमेरे पाहिले, त्यात कॅमेरा स्वतः खराब झालेला क्वचितच होता. कुठे पिन सैल होती, कुठे अडॅप्टर जळाला होता, कुठे जॉइंटमध्ये पाणी गेलं होतं, कुठे उंदराने वायर कुरतडली होती. म्हणजे दोष विजेचा किंवा वायरीचा. आणि असा दोष शोधायला शिक्षण लागत नाही, क्रम लागतो.

नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? आधी टाकीत पाणी आहे का बघतो. मग व्हॉल्व्ह. मग पाईप कुठे फुटला आहे का. आणि शेवटी नळ. लगेच नळ फोडत बसत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. टाकी म्हणजे भिंतीवरचा बोर्ड, जिथे २३० व्होल्टची वीज आहे. व्हॉल्व्ह म्हणजे अडॅप्टर किंवा पत्र्याच्या डब्यातला पॉवर सप्लाय, ज्याला मेकॅनिक एसएमपीएस म्हणतात. तो २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो. पाईप म्हणजे वायर. आणि नळ म्हणजे कॅमेरा. शिवाय एक वायर कॅमेऱ्यातून चित्र घेऊन परत येते, ती डीव्हीआरला लागते. डीव्हीआर म्हणजे चित्रं साठवणारी पेटी. वीज जाते आणि चित्र येतं, अशा दोन वाटा आहेत. कोणती वाट तुटली, एवढंच शोधायचं.

पुढे जाण्याआधी एक लक्ष्मणरेषा आखून घेऊ. अडॅप्टरच्या पुढची वीज १२ व्होल्टची असते. सुक्या हाताने तिथली पिन काढली, घातली तर धोका नाही. पण अडॅप्टरच्या मागची वीज, म्हणजे बोर्ड, सॉकेट आणि पॉवर सप्लायमध्ये शिरणारी जाड वायर, ही २३० व्होल्टची. ती जीव घेते. तिथे आपण फक्त बटण बंद-चालू करायचं आणि प्लग काढायचा-घालायचा. सॉकेट उघडणं, पॉवर सप्लायचा डबा उघडणं, फ्यूज बदलणं हे लायसन्स असलेल्या वायरमनचं काम.

काम करताना बटण बंद करा, प्लग काढा. पायात कोरडी रबरी चप्पल असू द्या. पाऊस पडत असताना शिडीवर चढू नका. शिडी धरायला दुसरी बाई हवीच. छपराजवळून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी शिडी तिकडे नेऊच नका. डीव्हीआरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर हात काढा, बटण बंद करा आणि वायरमनला बोलवा. प्लगची जाड, तिसरी पिन अर्थिंगची असते. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती काढून टाकू नका. घरात ईएलसीबी नसेल तर बसवून घ्या. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. कॅमेऱ्यापेक्षा ते जास्त गरजेचं आहे.

आता शोध सुरू करू. पहिला प्रश्न असा: सगळे कॅमेरे बंद आहेत की एकच?

सगळेच बंद असतील, तर दोष मुळाशी आहे. मळ्यातल्या सगळ्याच वाफ्यांना पाणी आलं नाही तर आपण पंपाकडे जातो, वाफ्याकडे नाही. आधी बोर्डाचं बटण बघा. हसू नका. झाडताना, मोबाईल चार्जिंगला लावताना हे बटण कोणीतरी बंद केलेलं असतं. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावा. मोबाईल चार्ज होतोय? मग सॉकेट ठीक. नाही? मग एमसीबी पडला असेल. तो एकदा वर करा. पुन्हा लगेच पडला, तर परत परत वर करू नका. कुठेतरी शॉर्ट आहे, वायरमन बोलवा.

सॉकेट ठीक असेल तर पॉवर सप्लायचा छोटा दिवा बघा. दिवा लागत नसेल तर तो पॉवर सप्लाय गेला. दिवा लुकलुकत असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट असू शकतो. अशा वेळी कॅमेऱ्यांच्या पिना एकेक करून काढायच्या. ज्या कॅमेऱ्याची पिन काढल्यावर दिवा स्थिर झाला, त्याच्याच वायरीत दोष.

एकच कॅमेरा बंद असेल, पडद्यावर बाकीची चित्रं दिसतात आणि एका चौकटीत 'व्हिडिओ लॉस' किंवा 'नो व्हिडिओ' येतं, तर काय? तेव्हा अदलाबदल करायची. डीव्हीआरच्या मागे गोल, फिरवून बसवायच्या पिना असतात. त्यांना बीएनसी म्हणतात. बंद चौकटीची बीएनसी काढून चालू चौकटीच्या जागी लावा. चित्र आलं, तर डीव्हीआरचं ते भोक खराब आहे. चित्र तिथेही नाही आलं, तर दोष वायरीत, विजेत किंवा कॅमेऱ्यात. मग चालू कॅमेऱ्याची १२ व्होल्टची पिन आणि बंद कॅमेऱ्याची पिन बदलून बघा. बंद कॅमेरा जिवंत झाला, तर त्याची पहिली पिन किंवा अडॅप्टर खराब. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही. भाजी खारट झाली की आपण आधी एकच उपाय करतो, चव बघतो, मग दुसरा. तसंच हे.

मैत्रिणींनो, आता एक युक्ती सांगतो, तिला कसलंही हत्यार लागत नाही. कॅमेऱ्यात रात्री दिसण्यासाठी बारीक लाल दिवे असतात. दिवसा कॅमेऱ्याच्या तोंडावर तळहात धरा, अंधार करा. चार-पाच सेकंदांत 'टिक्' असा आवाज येतो आणि दिवे मंद लाल दिसतात. काही नव्या कॅमेऱ्यांत पांढरा दिवा लागतो. दिवा लागला म्हणजे वीज पोचते आहे. दोष चित्र आणणाऱ्या वायरीत शोधा. दिवा लागलाच नाही, तर आधी विजेच्या वायरीत शोधा. एका तळहाताने अर्धं काम होतं.

आणि हो, विजेचा टेस्टर इथे वापरू नका. टेस्टर २३० व्होल्टसाठी असतो. १२ व्होल्टला तो पेटत नाही. मग आपण म्हणतो वीजच नाही, आणि चांगली वायर उगाच तोडतो. १२ व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लागतो. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गटात एक घेतला तरी सगळ्यांना पुरतो. त्याचं बटण डीसी वीसवर ठेवायचं आणि कॅमेऱ्याजवळच्या टोकाला मोजायचं. बोर्डावरच्या सॉकेटमध्ये त्याच्या कांड्या घालायच्या नाहीत.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार. "ताई, कॅमेरा दिवसा छान दिसतो, पण रात्र झाली की जातो." लोक म्हणतात, रात्रीचा कॅमेरा खराब झाला. तसं नसतं. रात्री ते लाल दिवे लागतात, म्हणून कॅमेऱ्याला दिवसापेक्षा जास्त वीज लागते. तेवढी वीज पोचली नाही की कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की दिवे विझतात, भार कमी होतो, तो परत सुरू होतो, दिवे लावायला जातो आणि परत पडतो. रात्रभर 'टिक्, टिक्' आवाज येत राहतो. दमलेली बाई डोक्यावर दुसरा हंडा चढवला की खाली बसते, तसं ते आहे. चोर येतो रात्री आणि आपला कॅमेरा चालतो दिवसा. म्हणून हा दोष अंगावर काढू नका.

याची कारणं तीन. पहिलं कारण चुकीचा अडॅप्टर. कॅमेऱ्याचा अडॅप्टर जळाला म्हणून घरातला वायफायचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा जुना अडॅप्टर लावला जातो. पिन बसते, म्हणून आपण खूश. पण अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. 'आउटपुट' शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे असतात. व्होल्ट तेवढेच हवेत, १२ ला १२. ९ चालत नाही, १५ तर कॅमेरा जाळतो. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात. १ अँपिअर हवा असेल तर २ चा चालेल, अर्ध्याचा नाही. डीव्हीआरलाही हेच लागू. त्याचा २ अँपिअरचा अडॅप्टर काढून कॅमेऱ्याचा १ अँपिअरचा लावला, तर आतली हार्ड डिस्क नीट फिरत नाही, टकटक आवाज करते आणि डीव्हीआर सारखा नव्याने सुरू होत राहतो.

दुसरं कारण एकाच पॉवर सप्लायवर जास्त कॅमेरे. गणित सोपं आहे. एका कॅमेऱ्याला रात्री साधारण अर्धा अँपिअर धरा. चार कॅमेऱ्यांना झाले २ अँपिअर. ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय असेल तर आरामात चालतात. पुढे गटाने गोदामाला अजून चार कॅमेरे लावले आणि तेही त्याच डब्याला जोडले, तर झाले ४ अँपिअर. वर-वर पाहता पुरतात, पण डबा रात्रभर तापतो, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तो लवकर दम सोडतो. गरजेपेक्षा निदान सवापट, दीडपट क्षमता हवी. डबा नेहमी हवेशीर जागी हवा, चुलीच्या वर किंवा माळ्यावर पोत्यांत दडवलेला नको.

तिसरं कारण लांब आणि बारीक वायर. वीज वायरीतून जाताना थोडी वाटेतच संपते. अर्ध्या चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर ६० मीटर ओढली आणि कॅमेरा अर्धा अँपिअर घेत असेल, तर जाता-येता मिळून सुमारे २ व्होल्ट वाटेत जातात. निघाले १२, पोचले १०. कॅमेरा दिवसा कसाबसा चालतो, रात्री बसतो. घरापासून गोठ्यापर्यंत, केंद्रापासून फाटकापर्यंत वायर नेताना हेच होतं. स्वस्त वायरीत आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो, तिथे घट आणखी जास्त. उपाय असा की वायर जाड घ्यावी, किंवा लांबच्या कॅमेऱ्याजवळ, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी, वायरमनकडून वेगळं सॉकेट घेऊन स्वतंत्र अडॅप्टर लावावा.

आपल्या शेतांवरून पडघ्याकडून कळव्याकडे विजेचे मोठमोठे मनोरे जातात ना? त्यातून ४ लाख व्होल्टची वीज जाते. व्होल्ट जास्त ठेवले की वाटेतली घट कमी होते, म्हणून. नव्या आयपी कॅमेऱ्यांत तीच युक्ती छोट्या प्रमाणात आहे. इंटरनेटच्या जाड निळ्या-करड्या केबलमधून साधारण ४८ व्होल्ट जातात आणि वीज व चित्र एकाच केबलमधून १०० मीटरपर्यंत नेता येतं. नवा कॅमेरा लांब बसवायचा असेल तर मेकॅनिकला ही पद्धत विचारा.

दुसरी मोठी तक्रार पावसाळ्यातली. "जूनमध्ये गेला, दिवाळीला आपोआप आला." आपोआप काही येत नाही. जॉइंटमध्ये पाणी गेलं होतं, ते वाळलं. कॅमेऱ्याच्या शेपटीला दोन पिना असतात, एक विजेची, एक चित्राची. बरेच मेकॅनिक त्या तशाच बाहेर लोंबत ठेवतात, फार तर काळी टेप गुंडाळतात. आपल्याकडचा पाऊस टेप मानत नाही. पाणी शिरलं की पिनेवर हिरवा गंज चढतो आणि वीज अडते. पिन काढून बघा. हिरवी किंवा पांढरी बुरशी दिसली तर ती पिन बदला. नवी पिन काही रुपयांची असते.

हे होऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या मागे प्लास्टिकचा चौकोनी बॉक्स बसवून घ्या आणि दोन्ही जॉइंट त्याच्या आत ठेवा. वायर बॉक्समध्ये नेहमी खालून शिरली पाहिजे. शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल, आत शिरणार नाही. पत्र्याच्या पागोळीखाली कॅमेरा असेल तर थोडा आत सरकवा. वायर उघडी न सोडता पाईपमधून घ्या. उंदीर, खारी आणि मुंग्या यांना वायरीचं फार प्रेम. भाताची कणगी किंवा पेंढा जिथे आहे, तिथे पाईप हवाच. पॉवर सप्लायच्या डब्यात पाल शिरून शॉर्ट होतो, म्हणून त्याची मोकळी भोकं मेकॅनिककडून बंद करून घ्या. फक्त हवेची जाळी झाकू नका.

चित्र येतं पण त्यात आडव्या रेघा सरकत राहतात, असंही होतं. कॅमेऱ्याची वायर २३० व्होल्टच्या वायरीला चिकटून एकाच पट्टीतून नेली की असं होऊ शकतं. दोन वायरींत निदान फूटभर अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर आडवी, काटकोनात ओलांडा. तरीही रेघा राहिल्या तर अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी घालायची पद्धत आपल्याकडे आहेच.

आता लाईट जाण्याबद्दल. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते? दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, सगळीकडे एकदम लाईट गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. दोष होता त्याच कळवा-पडघा वाहिन्यांत. असा दिवस रोज येत नाही, पण गावात तास-दोन तास लाईट जाणं नेहमीचंच. म्हणून कॅमेऱ्याला बॅटरीचा आधार हवा.

घरी इन्व्हर्टर असेल तर तीन गोष्टी त्यावर हव्यात: डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय आणि वायफायचा राऊटर. पुष्कळ ठिकाणी पहिल्या दोन असतात आणि राऊटर विसरला जातो. मग लाईट गेली की चित्रीकरण चालू राहतं, पण मुलाला मोबाईलवर काही दिसत नाही आणि तो घाबरून फोन करत सुटतो. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' असं लिहिलेलं बटण असेल तर ते यूपीएसवर ठेवा. दुसऱ्या बाजूला असेल तर लाईट गेल्याच्या त्या क्षणभरात डीव्हीआर बंद होऊन परत सुरू होतो. असं वारंवार झालं की हार्ड डिस्क लवकर खराब होते. इन्व्हर्टर नसेल तर डीव्हीआरसाठी छोटा यूपीएस घ्या, आणि कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लायही त्यावरच जोडा.

लाईट आल्यावर एक गोष्ट जरूर बघा, ती म्हणजे पडद्यावरची तारीख आणि वेळ. डीव्हीआरमध्ये घड्याळासाठी रुपयासारखी गोल बॅटरी असते. ती संपली असेल तर लाईट गेल्यावर तारीख भलतीच होते. चोरी झाली मंगळवारी आणि चित्रावर तारीख पाच वर्षांपूर्वीची, तर पोलिसांपुढे किती अडचण होईल? बॅटरी स्वस्त असते, मेकॅनिककडून बदलून घ्या आणि तारीख नीट करा.

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही. आभाळ भरून आलं की डीव्हीआर आणि राऊटरचे प्लग सॉकेटमधून काढून ठेवा. विजा डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायला जाऊ नका. लाईट कमी-जास्त होत असेल, दिवे एकदम प्रखर होत असतील, तरीही प्लग काढा आणि तक्रार करा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महावितरण आहे. १९१२ हा त्यांचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक. भिवंडी आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागात वीज टोरंट पॉवर देते, तिथल्या बहिणींनी आपल्या बिलावरचा क्रमांक लिहून ठेवावा.

मळ्यातल्या सोलर कॅमेऱ्याबद्दल थोडं. त्याला बोर्ड नाही, वायर नाही, पण वीज लागतेच. बंद पडला तर आधी पॅनेल ओल्या फडक्याने पुसा. मग बघा, आंब्याची फांदी वाढून सावली पडते का. पावसाळ्यात सलग आठ दिवस ऊन नसेल तर बॅटरी उतरणारच. तेव्हा तो काढून घरी चार्जरवर चार्ज करा.

एवढं करूनही दोष सापडला नाही, तर मेकॅनिकला बोलवा. पण फोनवर नुसतं "कॅमेरा बंद आहे" म्हणू नका. सांगा, "दादा, चारपैकी तीन नंबरचा बंद आहे. हात धरल्यावर लाल दिवा लागत नाही. पिन बदलून बघितली, अडॅप्टर ठीक आहे. बहुतेक वायर गेली." असं सांगितलं की तो योग्य सामान घेऊन एकाच खेपेत येतो, आणि चांगला कॅमेरा बदलून नवा गळ्यात मारायची हिंमतही कोणी करत नाही. बदललेला जुना भाग आपल्या ताब्यात मागून घ्या. बिल घ्या, त्यावर वॉरंटी लिहून घ्या. आणि डीव्हीआरचा पासवर्ड आपल्या वहीत लिहिलेला हवा. तो फक्त मेकॅनिककडे असणं म्हणजे तिजोरी आपली आणि किल्ली दुसऱ्याची.

शेवटचं सांगणं गटांसाठी. महिन्याच्या बैठकीत आपण बचत मोजतो, कर्जाचे हप्ते लिहितो. त्याच दिवशी प्रत्येकीने घरच्या कॅमेऱ्याचं उत्तर द्यायचं. चित्र दिसतं का? रात्री दिसतं का? तारीख बरोबर आहे का? आणि चार दिवसांपूर्वीचं चित्रीकरण मागे जाऊन उघडतं का? नोंदवहीत चार खुणा, दोन मिनिटांचं काम. भातलावणीच्या आधी, गणपतीच्या आधी आणि जत्रेला निघण्याआधी हीच तपासणी पुन्हा. ज्या मुलींना यात गोडी वाटेल, त्यांच्यासाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये मोफत प्रशिक्षणं होतात. त्यात सीसीटीव्ही बसवण्या-दुरुस्तीचाही अभ्यासक्रम आहे. आपल्या गटाच्या सीआरपी ताईंकडे चौकशी करा. गावात कॅमेरे वाढतच जाणार, मग दुरुस्तीचे पैसे गावातल्याच मुलीच्या हाती का जाऊ नयेत?

आता थोडक्यात उजळणी. सगळे बंद, तर बोर्ड आणि पॉवर सप्लाय बघा. एक बंद, तर अदलाबदल करा, एका वेळी एकच. हात धरून लाल दिवा बघा. रात्री जातो, तर अडॅप्टरचे आकडे आणि वायरीची लांबी बघा. पावसात जातो, तर जॉइंट बघा. लाईट आल्यावर तारीख बघा. आणि २३० व्होल्टला हात लावू नका.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. दिवेलागण झाली की कॅमेऱ्याचं चित्र उघडून बघा. अंधारात तुमचं अंगण नीट दिसलं, तर निर्धास्त झोपा. नाही दिसलं, तर सुरुवात कुठून करायची ते आता तुम्हाला ठाऊक आहे.